भरगच्च मेक्सिकन टोस्टाडा: मक्याच्या पिठापासून शेवटच्या थरापर्यंत

मक्याची पातळ टॉर्टिया, म्हणजे तिकडची भाकरी, कडक होईपर्यंत तळली किंवा भाजली, तिच्यावर शिजवून ठेचलेला घेवडा पसरला आणि त्यावर मांस किंवा भाजी, बारीक चिरलेला पाला, आंबट साय, चीज आणि तिखट साल्सा असे एकेक थर चढवले, की टोस्टाडा तयार होतो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाजलेली’ असा आहे. मेक्सिकोच्या घरांत ताज्या टॉर्टिया रोज लागतात, उरलेल्या दुसऱ्या दिवशी वातड होतात आणि मग त्या कडक तळून संपवल्या जातात. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, त्याच काटकसरीची ही तिकडची तऱ्हा आहे. मेक्सिको शहरातील कोयोआकानच्या बाजारात टोस्टाड्यांची दुकाने प्रसिद्ध आहेत. तेथे तिंगा (टोमॅटो-मिरचीच्या वाटणात परतलेले तंतू तंतू मांस), कोळंबी, सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी) यांनी शिगोशीग भरलेली भांडी समोर मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक सांगेल ते कडक चकतीवर रचून लगेच त्याच्या हाती दिले जाते.

त्यातला ‘लगेच’ हा शब्द नवशिक्याने मनात पक्का धरावा, कारण टोस्टाडा बिघडण्याचे जवळजवळ प्रत्येक कारण शोधत गेले तर ते पाण्यापाशी येऊन थांबते. मी पहिल्यांदा पाहुण्यांसाठी टोस्टाडे केले तेव्हा बाराही चकत्या आधीच रचून ताटात मांडून ठेवल्या होत्या. पाहुणे येऊन बसेपर्यंत वीस मिनिटे गेली आणि तेवढ्यात खालची चकती ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली. चव चांगली होती, पण दाताखाली जो कडक आवाज व्हायला हवा तो कोणाच्याच वाट्याला आला नाही. म्हणून या लेखात चकतीतील पाणी कसे काढावे आणि वरच्या थरांतील पाणी तिच्यापर्यंत कसे पोहोचू देऊ नये, यावरच अधिक भर दिला आहे. पुढील प्रमाण चार माणसांसाठी, म्हणजे बारा टोस्टाड्यांसाठी आहे.

कोणते पीठ घ्यावे

मेक्सिकोतील टॉर्टिया साध्या मक्याच्या पिठाची नसते. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन त्याची साले काढतात आणि मग तो ओलाच वाटतात. अशा शिजवलेल्या मक्याला ‘निश्तमाल’ आणि वाटून झालेल्या पिठाला ‘मासा’ म्हणतात. निश्तमाल हा शब्द नाहुआत्ल या मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या भाषेतील असून त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘राख’ असा आहे, कारण चुन्याप्रमाणेच लाकडाची राखही या कामी वापरली जात असे. चुन्यामुळे दाण्याचे टरफल सुटते, पिठाला चिकटा येतो आणि मक्यात अडकून राहणारे नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपीय लोकांनी मका आपल्या देशांत नेला, पण चुन्याची ही रीत नेली नाही. त्यामुळे इटली आणि स्पेनमधील ज्या गरीब कुटुंबांचे पोट प्रामुख्याने मक्यावर भरत होते, त्यांच्यात नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. स्वयंपाकघरातील एका साध्या कृतीत किती शहाणपण साठलेले असते, हे मला या उदाहरणावरून दर वेळी नव्याने जाणवते.

हे पीठ वाळवून ‘मासा आरीना’ या नावाने पाकिटात विकले जाते. परदेशी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन ते मिळते आणि पहिल्या खेपेला तेच आणावे असे मी सुचवीन. आपल्या किराणा दुकानात कॉर्नफ्लोर म्हणून मिळते ती मक्याची पांढरी पिठी म्हणजे निव्वळ स्टार्च आहे. तिची टॉर्टिया होत नाही. साधे पिवळे मक्याचे पीठच हाताशी असेल, तर भाकरीसाठी काढतो तशी उकळत्या पाण्यात त्याची उकड काढून, त्यात चौथा हिस्सा कणीक मिसळून काम भागते. मात्र चुन्यामुळे येणारा तो खमंग, किंचित मातकट वास त्यात येत नाही.

ज्यांना मका घरी चुन्यात शिजवून पाहायचा असेल त्यांनी धान्याच्या दुकानातील खाण्याचा वाळलेला मका घ्यावा. पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे औषध लावलेले असते, त्यामुळे ते कधीही घेऊ नये, आणि मधुमक्याचे कोवळे दाणेही यासाठी चालत नाहीत. अर्धा किलो मक्याला दीड लिटर पाणी आणि ५ ग्रॅम, म्हणजे मक्याच्या एक टक्का, खाण्यायोग्य चुन्याची पूड पुरते. भांडे स्टीलचे असावे, कारण चुन्याचे पाणी ॲल्युमिनियमला खाते. मंद आचेवर सुमारे ४० मिनिटे शिजवून एक दाणा बोटांत चोळून पाहावा. साल सुटून आली आणि आतला दाणा अजून घट्ट असला, की आच बंद करून भांडे झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी मका दोनतीन पाण्यांनी चोळून धुवावा आणि शक्य तितक्या कमी पाण्यात वाटावा. मेक्सिकोत यासाठी ‘मेताते’ नावाचा दगड असे, जो आपल्या पाट्या-वरवंट्याचा सख्खा भाऊ शोभावा. घरात दगडी चाकांचा ओला ग्राइंडर असेल तर उत्तम. मिक्सरमध्ये वाटलेले पीठ थोडे भरड राहते, पण टोस्टाड्याला ते बाधत नाही, उलट भरड पिठाची चकती अधिक कुरकुरीत होते.

पीठ मळणे, दाबणे, भाजणे

मासा आरीना वापरत असाल तर २०० ग्रॅम पिठात पाव चमचा मीठ घालून सुमारे ३०० मिलिलिटर कोमट पाणी थोडे थोडे मिसळावे. मळलेला गोळा मोदकाच्या उकडीइतका मऊ असावा. तो ओल्या फडक्याखाली २० मिनिटे ठेवावा, कारण हे पीठ पाणी सावकाश पिते. नंतर लिंबाएवढी गोळी दोन तळव्यांत दाबून पाहावी. कडा चिरल्या तर पाणी कमी आहे, गोळी तळव्याला चिकटली तर जास्त झाले आहे. सुरुवातीला ही परीक्षा प्रत्येक वेळी करावी. दोनतीन खेपांनंतर मळतानाच हाताला अंदाज येतो.

टॉर्टिया लाटत नाहीत, दाबतात. लाकडी किंवा बिडाच्या खास यंत्राऐवजी आपले पुऱ्या दाबण्याचे यंत्र चांगले चालते, आणि तेही नसेल तर जड, सपाट बुडाचे पातेले पुरते. दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन, कडा कापून तिचे दोन तुकडे करावेत, त्यांच्यामध्ये सुमारे ३५ ग्रॅमची गोळी ठेवावी आणि १३ सेंटिमीटर व्यासाची चकती होईपर्यंत दाबावी. वरचे प्लास्टिक आधी सोडवावे, चकती उजव्या तळव्यावर उलटी घ्यावी आणि मग खालचे प्लास्टिक अलगद सोलून काढावे. प्लास्टिकवरून चकती ओढायला गेले, की ती हमखास फाटते. एवढ्या पिठाच्या चौदा चकत्या होतात. त्यांतील पहिल्या दोन हात बसण्यासाठी आहेत असे समजावे.

तापलेल्या लोखंडी तव्यावर पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी बाजू एक मिनिट आणि पुन्हा पहिली बाजू अर्धा मिनिट भाजावी. मऊ टॉर्टिया करायची असती तर ती लगेच फडक्यात गुंडाळून ठेवली असती. टोस्टाड्यासाठी नेमके उलट करायचे असते. टॉर्टिया एकीवर एक न ठेवता सुती कापडावर सुट्या पसरून पंख्याखाली दीडदोन तास वाळू द्याव्यात. आदल्या रात्री करून ठेवल्या तर सर्वांत उत्तम. बाजारातून आणलेल्या मक्याच्या टॉर्टियाही अशाच वाळवून घ्याव्यात. मैद्याच्या टॉर्टिया मात्र या पदार्थाला नकोत. त्या तळल्यावर फुगतात आणि त्यांना मक्याची चव नसते.

तळताना काय पाहावे

कढईत दोनअडीच सेंटिमीटर खोल तेल घेऊन ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापक नसेल तर पिठाचा एक कण टाकून पाहावा. तो क्षणभरही तळाशी न रेंगाळता वर यावा, पण लगेच काळा पडू नये. वाळलेल्या टॉर्टियाला काट्याने दोनचार टोचे मारून ती तेलात सोडावी आणि झाऱ्याने हलके दाबून धरावी, म्हणजे ती पुरीसारखी फुगत नाही आणि सपाट राहते.

आता तेलाकडे नीट लक्ष द्यावे. टॉर्टिया पडताच सगळ्या कडांनी मोठे, गडबडीचे बुडबुडे येतात आणि तेलाचा मोठा चर्र आवाज होतो. ही तिच्यातील पाण्याची वाफ असते. पाऊण मिनिटाने टॉर्टिया उलटावी. हळूहळू बुडबुडे लहान आणि विरळ होतात, आवाज खाली बसतो, आणि झाऱ्याला मघापर्यंत जाणवणारा लवचिकपणा जाऊन चकती एका बाजूने उचलली तरी सरळ राहते. दीड ते दोन मिनिटांत ही अवस्था येते आणि नेमक्या याच क्षणी ती बाहेर काढावी. रंगाची वाट पाहत बसू नये, कारण बाहेर आल्यावरही तिचा रंग थोडा गडद होतो आणि तेलात हवा तेवढा तांबूस केलेला टोस्टाडा ताटात येईपर्यंत कडवट होतो. तळलेल्या चकत्या कागदावर आडव्या न टाकता जाळीवर उभ्या टेकवून ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या की खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. गरम असतानाच वर चिमूटभर मीठ भुरभुरावे.

तळण नको असल्यास दोन्ही बाजूंना तेलाचा हात लावून २०० अंशांवर ओव्हनमध्ये जाळीवर प्रत्येक बाजू साधारण सहा मिनिटे भाजावी, किंवा खाकऱ्याप्रमाणे तव्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत आठदहा मिनिटांत कडक करावी. खाकऱ्याची रीत वेळखाऊ आहे, पण हाती येणारी चकती हलकी आणि फार चांगली होते.

घेवड्याचा थर

या थराला मेक्सिकोत ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. नावातील ‘रे’ ऐकून घेवडा दोनदा तळायचा असतो असा समज होतो, परंतु तिकडच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘नीट, चांगला परतलेला’ असा आहे. व्हेराक्रुझ आणि वाहाका या भागांत काळा घेवडा वापरतात, उत्तरेकडे ठिपक्यांचा पिंटो. आपल्याकडे पिंटोच्या जवळचा म्हणजे चित्रा राजमा, आणि त्याहून मला आवडतो तो साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा. राजमा, पिंटो आणि वाघ्या घेवडा ही सारी एकाच वनस्पतीची वाणे असून तिचे मूळ अमेरिका खंडातच आहे, त्यामुळे ही अदलाबदल पदार्थाला मुळीच परकी वाटत नाही.

२५० ग्रॅम घेवडा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा कांदा आणि दोन लसूणपाकळ्या घालून कुकरमध्ये बोटाने सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. राजम्याच्या जातीचा कोणताही घेवडा अर्धकच्चा खाऊ नये. त्यातील एका द्रव्यामुळे जोरदार उलट्या होतात आणि ते द्रव्य केवळ भिजवल्याने जात नाही, किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावरच निकामी होते. शिजलेल्या घेवड्याचा कट मात्र फेकू नये. कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून (मेक्सिकोत बहुधा डुकराची चरबी वापरतात) त्यात बारीक चिरलेला अर्धा कांदा चांगला तांबूस परतावा, घेवडा घालून तो कढईतच रवीने किंवा वाटीच्या बुडाने ठेचावा आणि कट थोडा थोडा ओतत परतत राहावे. गोळा पिठल्यापेक्षा सैल आणि पातळ पिठल्यापेक्षा घट्ट, अशा अवस्थेला थांबावे. कालथ्याने मध्ये रेघ ओढली तर तळ क्षणभर दिसला पाहिजे. मीठ शेवटी घालावे. तेल कमी करण्याचा मोह येथे टाळावा, कारण घेवड्यातील हे स्निग्ध आवरणच वरचा ओलावा चकतीपर्यंत पोहोचू देत नाही.

तिंगा

तिंगा हा मूळचा प्वेब्ला भागातील प्रकार असून टोस्टाड्यावर घालण्यासाठी त्याच्याइतके सोपे काही नाही. अर्धा किलो कोंबडीचे मांस मीठ आणि तमालपत्र घालून उकडावे, थोडे निवल्यावर हाताने तंतू तंतू सोडवावे. सुरीने तुकडे केल्यास रस धरून राहत नाही. चार लाल टोमॅटो, दोन लसूणपाकळ्या आणि दोनतीन चिपोत्ले मिरच्या एकत्र वाटाव्यात. दोन मोठे कांदे उभे पातळ चिरून तेलात मऊ करावेत, त्यावर वाटण आणि अर्धा चमचा ओरेगानो घालून टोमॅटोचा कच्चा वास जाऊन तेल सुटेपर्यंत शिजवावे आणि मग मांस घालून आणखी दहा मिनिटे परतावे. तयार तिंगा ओलसर असावा, पण ताटलीत काढल्यावर त्याच्या कडेने पाणी वाहता कामा नये.

चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली आणि धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. मोठ्या शहरांत ती डब्यात, ‘आदोबो’ नावाच्या आंबट रश्शात मिळते. ती मिळाली नाही तर चारपाच ब्याडगी आणि एखादी तिखट लाल मिरची कोमट पाण्यात भिजवून वाटावी, आणि शिजलेल्या तिंग्याच्या मध्यभागी वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तेलाचे दोन थेंब टाकून तीन मिनिटे झाकून धुरी द्यावी. चव हुबेहूब तीच येत नाही, तरी धुराची बाजू राखली जाते. शाकाहारी घरांत किसलेल्या गाजराचा तिंगा करावा, जो मेक्सिकोतही केला जातो. धिंगरी अळिंबीचाही फार चांगला होतो. ती हाताने लांब फाडून आधी कोरड्या कढईत तिचे सगळे पाणी आटवावे, मगच वाटणात घालावी.

वरचे जिन्नस

साल्सासाठी तीन टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या आणि सालीसकट दोन लसूणपाकळ्या लोखंडी तव्यावर तेल न लावता काळे डाग पडेपर्यंत भाजाव्यात आणि लसूण सोलून मिठासह खलबत्त्यात जाडसर ठेचाव्यात. मेक्सिकोत यासाठी तीन पायांचा दगडी ‘मोल्काहेते’ असतो. मिक्सरमध्ये साल्सा गुळगुळीत आणि पातळ होतो, म्हणजे येथेही पुन्हा पाण्याचाच प्रश्न येतो.

तिकडच्या ‘क्रेमा’ला आपल्या घरातले साईचे दही अगदी जवळचे आहे, कारण दोन्ही विरजलेली सायच असते. लोणी काढण्यासाठी साठवलेल्या त्या दह्यातून वाटीभर घेऊन मीठ घालून फेटावे. ‘केसो फ्रेस्को’ या ताज्या, भुसभुशीत चीजऐवजी घरचे पनीर चांगले दाबून, मीठ लावून कुस्करावे. पिकलेला आवोकाडो काट्याने ठेचून त्यात मीठ आणि लिंबू घालावे. मेक्सिकोतील लहान ‘लिमोन’ आणि आपले कागदी लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत, तेव्हा येथे पर्याय शोधायची गरजच नाही. लेट्यूस किंवा कोबी अगदी बारीक चिरून, बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, मग फडक्यात गुंडाळून पूर्ण कोरडा करावा.

थर रचणे

सगळे जिन्नस वाट्यांत तयार झाल्याशिवाय पहिल्या चकतीला हात लावू नये. घेवडा आणि तिंगा गरम असावेत, पण त्यांतून वाफ निघत नसावी. चकती सपाट ताटलीत ठेवून दोन चमचे घेवडा कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून सगळीकडे सारखा पसरावा, मध्ये ढीग करू नये. चमचा दाबला तर चकती तडकते, म्हणून घेवडा मध्यभागी टाकून चमच्याच्या पाठीने बाहेर सरकवावा. त्यावर तीन चमचे तिंगा, त्यावर मूठभर पाला, मग आवोकाडो, साईच्या दह्याची धार, कुस्करलेले पनीर आणि सर्वांत शेवटी साल्सा व लिंबाचे चार थेंब. पाला मध्ये असल्याने साल्साचा रस तोच धरतो आणि खाली उतरायला त्याला वेळ लागतो. भरगच्च म्हणजे उंच नव्हे. ढीग दोन बोटांपेक्षा वर गेला तर पहिल्याच घासाला तो एका बाजूला कलतो.

पाहुणे असतील तर रचलेले टोस्टाडे न देता चकत्या आणि वाट्याच मध्ये मांडाव्यात आणि प्रत्येकाने स्वतःचा टोस्टाडा रचून लगेच खावा. तो दोन्ही हातांनी आडवा धरून खातात, आणि काही ताटलीत सांडतेच, ते चकतीच्या तुटलेल्या तुकड्याने टिपून घ्यावे.

घेवडा फ्रीजमध्ये तीनचार दिवस राहतो आणि गरम करताना थोडा कट घातला की पूर्ववत होतो. आवोकाडो त्याच दिवशी संपवावा. चकत्या पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात, त्या आठवडाभर कुरकुरीत राहतात आणि नरम वाटल्या तर ओव्हनमध्ये तीन मिनिटे ठेवल्याने सावरतात. तळताना किंवा डब्यात मोडलेले तुकडे दुसऱ्या दिवशी उरलेल्या साल्सात दोनतीन मिनिटे शिजवून, वर साईचे दही आणि पनीर घालून खावेत. मेक्सिकोत या न्याहारीला ‘चिलाकिलेस’ म्हणतात.